न घासलेला दगड

आमची ही दगड चाटते. हसू नका, खरं तेच सांगतोय. किनाऱ्यावर एखादा गोटा उचलला की आधी तो रुमालाला पुसणार, मग जिभेचं टोक लावणार आणि मग उन्हात धरून डोळे बारीक करणार. दगड ओला असला की खरा रंग दाखवतो, वाळला की सगळे एकजात मळकट. एवढंच त्यातलं शास्त्र. पण लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या बहिणीनं हे पाहिलं आणि धावत घरी येऊन आईला सांगितलं, "दादाची बायको खडे खाते गं! अंगात रक्त कमी असणार." आईनं महिनाभर हिला लोहाच्या गोळ्या दिल्या. हिनं त्या मुकाट्यानं घेतल्या. अहो, तोंड उघडून सांगावं ना की मी खडे खात नाही म्हणून! पण नाही. ज्याला समजायचं नाही त्याच्यापुढे डोकेफोड कशाला, असा तिचा हिशेब. त्या गोळ्यांनी तब्येत मात्र सुधारली.

माझं काम कवळ्या घासायचं. दात पडलेल्या माणसाच्या तोंडाचं माप डॉक्टर घेतात, त्यावरून कवळी तयार होते आणि शेवटी ती माझ्या हातात येते. आमचं घर वर आणि माझी लॅब खाली, मध्ये लाकडी जिना. लॅब म्हणजे मोठं काही नका समजू. एक खिडकी, एक टेबल आणि टेबलावर मोटरला जोडलेलं फिरतं चाक. त्याला आम्ही लेथ म्हणतो. चाळीस वर्षं मी त्या चाकापुढे बसलोय. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या हातच्या दातांनी हसतात, पण रस्त्यात एकानं कधी ओळख दाखवली नाही. कशी दाखवणार? कवळी आहे हेच लपवायचं असतं.

या कामात एक नियम आहे. कवळीची बाहेरची बाजू आरशासारखी चमकली पाहिजे आणि आतल्या बाजूला, जी हिरडीवर बसते तिला, चाक म्हणून लावायचं नाही. आतली बाजू खडबडीत दिसते, नवख्याला ती अर्धवट राहिल्यासारखी वाटते. शिकत होतो तेव्हा मीही एकदा शहाणपणा करून आतली बाजू गुळगुळीत केली होती. तो गृहस्थ सभेत भाषणाला उभा राहिला आणि दुसऱ्याच वाक्याला दात टेबलावर. माझ्या उस्तादानं माझा कान असा पिरगाळला की आजही आठवलं तर हात तिकडे जातो. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ठरवतो, यातली आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली. हे लक्षात ठेवा. पुढे यानंच माझा घात केला.

तर ही. तिला शिकायचं होतं. शाळेत पहिली यायची, पण शाळा संपल्यावर वडील म्हणाले, पुरे झालं. मग तिनं शाळेतच नोकरी धरली, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून. काचेच्या नळ्या धुवायच्या, स्टँड मांडायचे, मुलांनी फोडलेल्या वस्तूंची यादी करायची. एकोणतीस वर्षं झाली. मास्तर बदलले, मुख्याध्यापक बदलले, हिला सगळे "लॅबच्या बाई" म्हणत आले. शाळेत एक दगडांचं कपाट होतं, त्यात निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या. हिनं एका सुट्टीत बसून सगळ्या दुरुस्त केल्या. तपासणीला साहेब आले तेव्हा विज्ञानाच्या मास्तरांनी ते कपाट मोठ्या तोऱ्यात दाखवलं आणि शाबासकी घेतली. ही मागे नळ्या पुसत उभी होती. मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? "मग तू का नाही बोललीस?" म्हणजे दोष परत तिचाच. बोलायला मी कायम तयार!

रविवार तिचा. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असायचं आणि आमच्या घरातला रविवार त्याच्यावर चालायचा. ओहोटी सकाळी सहाला असली की चहा साडेपाचला. मी पिशवी घेऊन मागे. ती सूर्याकडे तोंड करून चालायची, कारण उजेड समोरून आला की अकीक किंवा गारगोटी वाळूत पडल्यापडल्या आतून उजळते. पाठीवर ऊन घेऊन चालणाऱ्याला तोच दगड दिसत नाही. मी अर्थात ऊन डोळ्यांत जातं म्हणून पाठ करून चालायचो. तीस वर्षांत मला धड एक दगड सापडला नाही, त्याचं कारण एवढंच.

शंखशिंपल्यांचीही तिची एक रीत होती. आत जीव असेल तर उचलायचा नाही, उचलला गेलाच तर पाण्यात नेऊन सोडायचा. रिकामा असेल तर घरी आणून आठवडाभर पाण्यात ठेवायचा, वरची चुन्याची पुटं दात घासायच्या ब्रशानं काढायची, अगदीच हट्टी पूट असलं तर पातळ केलेलं ॲसिड कापसानं लावून पाचपर्यंत मोजायचं आणि लगेच धुवायचं. सहा मोजले तर शिंपला गेला, म्हणायची. ॲसिड शाळेतून नाही हो आणलेलं, आधीच सांगतो. तसली बाई नाही ती.

दगड घासायचं मात्र माझ्याकडून शिकली. खरं तर त्या बाबतीत मी तिचा उस्ताद. अकीक कवळीच्या चाकाला दाद देत नाही, फार कडक, म्हणून मी जुन्या पंख्याच्या मोटरवर एक रबरी ड्रम बसवून दिला. दगड, पाणी आणि भरड पूड घालून तो आठवडाभर फिरवायचा. मग सगळं धुऊन मधली पूड, परत धुऊन बारीक, आणि शेवटी चकाकीची. महिन्याला एक घाणा. घर्र घर्र घर्र, खाली जिन्याखाली रात्रंदिवस. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे गिरणी आहे का? दोन पुडींच्या मधलं धुणं ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. भरड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी शेवटच्या आठवड्यात सगळ्या दगडांवर ओरखडे. एकदा तिला ताप होता म्हणून मी धुतले, म्हणजे नळाखाली धरले. महिन्याचा घाणा वाया गेला. तिनं सगळे परत भरड पुडीत टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला वाटलं, चला, सुटलो. कसलं सुटतोय!

वरच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर सहाशे एक्केचाळीस नग. प्रत्येकाच्या पोटाला इवलासा आकडा आणि त्या आकड्याची वहीत नोंद, कुठे सापडला, कधी, भरती होती की ओहोटी. येणारी माणसं एक उचलायची, "वा, काय गुळगुळीत आहे हो!" म्हणायची आणि चुकीच्या जागी ठेवायची. ती गेल्यावर ही उठून परत जागच्या जागी लावायची. आमचा मुलगा दूर नोकरीला आहे, तो फोनवर म्हणायचा, "बाबा, आईच्या दगडांमुळे एक दिवस मजला खाली येईल." आम्ही दोघे हसायचो. ती हसायची नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. शहरातल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात आपला एक दगड आणि त्याखाली बोटभर चिठ्ठी: संग्राहक, आणि पुढे तिचं नाव. बस. दागिना नाही, प्रवास नाही. तिच्या नावाचा घरात एक कागद नव्हता हो. घर माझ्या नावावर, वीज माझ्या नावावर, दारावरची पाटी माझी. पाटी करायला टाकली तेव्हा तिनं विचारलं होतं, "माझंही नाव येईल का?" मी म्हणालो, "पाटी केवढीशी, जागा कुठे आहे?" पाटीवर नावाखाली मी कवळीचं चित्र काढून घेतलंय. त्याला जागा होती.

संग्रहालयाला ती दरवर्षी एक पत्र लिहायची. अकरा वर्षं. उत्तर नाही. "तुझ्या दगडांसाठी डोळ्यांत प्राण आणून बसलेत ते," मी म्हणायचो. बाराव्या वर्षी एक दिवस पोस्टमन लॅबच्या दारात आला आणि एक नाव वाचून विचारलं, "इथंच राहतात का?"

मी मान वर न करता म्हणालो, "नाही हो, अशी कोणी इथं राहत नाही."

जिन्यावरून ती इतक्या जोरात धावत आली की एक चप्पल वरच राहिली. पोस्टमनला तिनं कोपऱ्यावर गाठलं. नाव तिचंच होतं. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. अकरा वर्षं ती त्याच नावानं सही करत होती आणि मला पत्ता नव्हता. मी चिडलो. "माझ्या आडनावाला काय काटे आहेत?" ती म्हणाली, "दगड मी लहानपणापासून वेचते. तेव्हा हेच नाव होतं." एवढं बोलून पत्र वाचत वर गेली.

संग्रहालयात एक नवीन मॅडम आल्या होत्या, त्यांनी जुनी पत्रं चाळली होती आणि त्या स्वतः बघायला येणार होत्या. आल्या त्या दिवशी मी खाली अडकलेलो. एका पुढाऱ्याची कवळी तुटली होती, संध्याकाळी त्याचं भाषण. तो बिनदातांचा माझ्यासमोर बसून घाई करत होता. वर पायांचा आवाज येत होता, फळ्यांपासून फळ्यांपर्यंत, सावकाश. मग बराच वेळ आवाज थांबला. पुढारी दात लावून गेला तेव्हा मी वर गेलो. मॅडम निघून गेल्या होत्या. ही खुर्चीत बसलेली, गाल लाल, आणि मांडीवर एक औषधाचा पत्र्याचा डबा.

"काय म्हणाल्या?"

"सहाशे एक्केचाळीसमधला एकही नको म्हणाल्या."

मी म्हणालो, "डोळे आहेत का कपाळाला बाईला?"

"सुंदर आहेत म्हणाल्या. पण घासलेल्या दगडावरून त्यांना काही कळत नाही. त्याची साल गेलेली असते, आणि सगळी माहिती सालीत." मग तिनं डबा उघडला. "हा हवाय त्यांना."

कापसात एक ओबडधोबड राखाडी ढेकूळ. मूठभर. एका बाजूला शिंपल्याच्या रेघा, अगदी नीट, पंख्यासारख्या, आणि दुसऱ्या बाजूला वाळलेल्या चिखलासारखा पापुद्रा. दगड झालेला शिंपला. कड्याखाली मोठ्या लाटांनंतर सापडलेला, एकोणीस वर्षांपूर्वी. एकोणीस वर्षं तो डबा कपाटात होता आणि मला वाटत होतं त्यात बटणं आहेत!

"मला का नाही दाखवलास?"

"तुमचे हात शिवशिवतात म्हणून," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. जेवायला बसा म्हणावं तसं. "पंधरा दिवसांनी त्यांचे मोठे सर येणार आहेत. तोवर धुवायचा नाही, ब्रश लावायचा नाही, हातही लावायचा नाही. सर हो म्हणाले की चिठ्ठी लागणार. माझ्या नावाची."

"मला काय करायचंय त्या ढेकळाचं," मी म्हणालो.

पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ड्रम मी केला, मोटर मी बसवली, चकाकीची पूड कुठली वापरायची ते मी शिकवलं. माझा हात लागलेले सहाशे एक्केचाळीस दगड कचरा, आणि नेमका तो निवडला जातो ज्याला माझं बोट लागलेलं नाही! हे कुणाला सांगणार? सांगण्यासारखं नव्हतंच ते.

पुढचे आठ-दहा दिवस ती वेगळीच बाई होती. गुणगुणायची. भाजी चिरताना मध्येच थांबून हसायची. एकदा मी वही शोधत होतो, तर मागच्या पानावर तिचं नाव. लहान अक्षरात, मोठ्या अक्षरात, तिरकं, सरळ, चौकटीत, चौकटीबाहेर. चिठ्ठीवर कसं दिसेल ते बघत होती. सगळीकडे माहेरचं आडनाव. मी पान उलटलं आणि वही जागेवर ठेवली. दुपारी एका डॉक्टरांचा फोन आला त्यांच्यावर उगाच खेकसलो.

सर यायच्या दोन दिवस आधी शाळेत तपासणी होती, ती सकाळीच गेली. मी वर गेलो, कपाट उघडलं आणि डबा घेऊन खाली आलो. नुसता बघायला. शपथेवर सांगतो, जिना उतरेपर्यंत नुसता बघायलाच. टेबलावरच्या दिव्याखाली धरला. एका बाजूच्या रेघा छान, स्पष्ट. दुसऱ्या बाजूला ती चिखलाची खपली. मी म्हटलं, एवढे मोठे सर येणार आणि हे असलं बघणार? आमच्या घरातून गेलेली वस्तू अशी दिसणार? आणि डोक्यात तो चाळीस वर्षांचा नियम. ही आतली बाजू, ही बाहेरची. रेघांची बाजू म्हणजे आतली, नाजूक, तिला चाक लावायचं नाही. एवढी अक्कल आहे मला. रेघांवर मी मेण ओतलं, एक एक रेघ झाकली. कवळीची आतली बाजू तरी कधी इतकी जपली असेन की नाही, शंका आहे. मग उरलेली बाजू चाकाला लावली.

अकीकाला महिना लागतो. हा चुनखडीचा, मऊ. आधी बारीक टोकानं पापुद्रा उडवला, मग टाचा घासतात त्या झाव्याच्या दगडाची पूड, मग लोकरीच्या फेल्टचं चाक, मग चकाकी. दोन तासांत आरसा. खिडकीची चौकट त्यात दिसत होती. मेण काढलं, रेघा जशाच्या तशा. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

लोकांना मी सांगतो की बायकोच्या प्रेमापोटी केलं, तिचं नाव व्हावं म्हणून केलं. बहिणीला सांगितलं, मुलाला सांगितलं. त्यात थोडं खरं असेल, नाही असं नाही. पण चाक फिरत होतं तेव्हा माझ्या मनात तिचं नाव नव्हतं. मनात होतं, आता यालाही माझा हात लागला. आता म्हणा माझं नव्हे म्हणून!

ती चारला आली. मी दगड नव्या कापसावर, चमकती बाजू वर करून वरच्या खोलीत टेबलावर मांडला होता. "बघ," म्हणालो, "ओळखू येतोय का?"

तिनं पिशवी खाली ठेवली. दगड उचलला, खिडकीपाशी नेला. त्या बाजूवरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, अगंबाई! तिनं विचारलं, "पूड कुठे पडली?"

"कसली पूड?"

"काढली ती."

ती जिना उतरून खाली गेली. लेथखालचा ट्रे तिनं ओढून काढला, त्यात कवळ्यांची गुलाबी पूड, झाव्याची पांढरी पूड, सगळं एकत्र. वर्तमानपत्र पसरून ती त्यातली राखाडी पूड पोस्टकार्डाच्या कडेनं वेगळी करायला लागली. खाली वाकून, तासभर. मी म्हणालो, "अगं, काय करतेस, ते काय परत चिकटणार आहे?" शेवटी चमचाभर पूड तिनं कागदात बांधली. मग हात धुतले आणि स्वयंपाकाला लागली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडं आपटलं असतं तरी चाललं असतं.

दोन दिवसांनी मोठे सर आले, मॅडम बरोबर. सर म्हणजे वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू. हिनं डबा पुढे केला. सरांनी झाकण उघडलं, दगड उलटा केला, सुलटा केला. मॅडमकडे बघितलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता.

"जाळी कुठाय?" सर म्हणाले.

मग मॅडमनीच आम्हाला समजावून सांगितलं, म्हणजे मला. हिला ते माहीत होतं. रेघांचा शिंपला कुठेही मिळतो, शाळेच्या पुस्तकातसुद्धा त्याचं चित्र असतं. किंमत त्या पापुद्र्याची. त्यात केसासारखी बारीक जाळी होती, शिंपल्यावर बसून वाढलेल्या दुसऱ्याच एका जिवाची. दोघं एकत्र दगड झालेली. या किनाऱ्यावर असा नमुना आजवर कुणालाच सापडला नव्हता. मॅडमनी त्या दिवशी फोनवर एक फोटो काढला होता, पण फोटोवर नोंद होत नाही. वस्तू लागते.

मी जी बाजू मेणानं झाकून जपली ती फुकटची होती.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

मी शेजारीच उभा होतो. दोन हातांवर. तोंड उघडायचं आणि "मी" म्हणायचं, एवढंच काम. एरवी माझं तोंड मिटत नाही, गल्लीत विचारा कुणालाही. त्या वेळी मी मूग गिळून उभा राहिलो. म्हटलं, एक क्षण, आता बोलतो.

"मीच केलं," ती म्हणाली. "चांगला दिसेल असं वाटलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या पत्रांवरून वाटलं होतं तुम्हाला यातलं कळतं," ते म्हणाले. वाईट हेतूनं नाही, दुखावल्यासारखे म्हणाले. ती म्हणाली, "नाही. लॅबमध्ये नळ्या धुते मी." पूड बांधलेली ती कागदाची पुडी तिनं काढलीच नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "तू कशाला अंगावर घेतलंस? मी सांगणार होतो."

"कधी?" ती म्हणाली. मग कपबश्या उचलता उचलता बोलली, "तुम्ही केलंत म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं का? मग मला म्हणावं लागलं असतं, सांगितलं होतं. अडाणी म्हणवून घेतलेलं त्यापेक्षा बरं."

महिन्यानं पोस्टमन आला. तेच नाव वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला, मागचा अनुभव असणार. मी उठून उभा राहिलो. "हो," म्हणालो, "इथंच राहतात." दोन्ही हातांनी पत्र घेऊन वर नेऊन दिलं. तिनं वाचून माझ्याकडे दिलं. चार ओळींचं, टाइप केलेलं, खाली गोल शिक्का. सदर दुर्मीळ नमुना संग्राहक श्रीमती, आणि तिचं पूर्ण नाव, यांनी अज्ञानापोटी घासल्यामुळे त्यावरील अवशेष नष्ट झाले असून तो संग्रहास अपात्र ठरला आहे, संग्रहालयाच्या दफ्तरी तशी नोंद घेण्यात आली आहे.

संग्राहक, आणि तिचं नाव. एकाच ओळीत.

आता तो दगड फळीवर आहे, आकडा सहाशे बेचाळीस. येणारी माणसं तोच आधी उचलतात, सगळ्यात चमकतो ना. चुकीच्या जागी ठेवतात, आणि तो तिथंच राहतो. डब्यात कापसाच्या जागी ते पत्र आणि ती पुडी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक गेल्या वर्षीचंच लटकतंय, नवीन तिनं आणलं नाही. ड्रम बंद. आतला घाणा मधल्या पुडीवरच राहिला, पाणी आटून सगळा गाळ दगडासकट घट्ट बसलाय. मी एकदा म्हणालो, "रविवारी सकाळी ओहोटी आहे, जायचं का? मी सूर्याकडे तोंड करून चालेन." ती म्हणाली, "गुडघे दुखतात." तिचे गुडघे माझ्यापेक्षा धडधाकट आहेत.

गेल्या आठवड्यात मी एकदाचं धाडस केलं. खाली बसून संग्रहालयाला पत्र लिहिलं. तीनदा खाडाखोड केली. की तो दगड मी घासला, माझ्या पत्नीनं मला बजावून सांगितलं होतं, तिला त्यातलं सगळं कळत होतं, अज्ञान माझं, तरी दफ्तरातल्या नोंदीतून तिचं नाव काढून माझं घालावं. खाली सही केली. वाटलं, निदान एवढं तरी. वर नेऊन तिला दाखवलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं ती रडेल आणि मग सगळं ठीक होईल.

तिनं पूर्ण वाचलं. तिच्या सवयीप्रमाणे दोनदा. मग घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"नका पाठवू," ती म्हणाली.

"अगं, पण तिथं खोटं लिहिलंय तुझ्याबद्दल!"

"असू दे. त्या दफ्तरात माझं नाव आहे," ती म्हणाली. "तेवढं तरी घासून काढू नका."

पत्र अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहे. पोस्टमन रोज दारावरून जातो.